पहिली स्नोमोबाइल घेताना: आधी बर्फ बघा, मग इंजिन

दर डिसेंबरात पहिला धड बर्फ पडला की ट्विन सिटीजमधल्या (मिनियापोलिस आणि सेंट पॉल) कुठल्या ना कुठल्या मराठी घरातून मला फोन येतो. "स्लेड घ्यायचं ठरलंय. सहाशे सीसीची घेऊ की साडेआठशेची?" मिनेसोटात स्नोमोबाइलला, म्हणजे पुढे स्की आणि खाली रबरी पट्टा (ट्रॅक) असलेल्या बर्फावरच्या गाडीला, सगळे स्लेडच म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन. मी उलट विचारतो, "चालवणार कुठे?" आणि पलीकडे जरा शांतता होते. बहुतेकांनी स्लेड पाहिलेली असते ती गुलमर्गला, चालकाच्या मागे बसून मारलेल्या एका फेरीत. तिथे सगळी यंत्रं सारखीच दिसतात. इथल्या शोरूममध्येही पहिल्यांदा सारखीच दिसतात, फक्त रंग वेगळे आणि आकडे वेगळे.

मीही सुरुवातीला रंग आणि किंमत बघूनच घेतली होती. जुनी, पण चकचकीत, डोंगरात चालवायची लांब ट्रॅकची स्लेड. ती घेऊन मार्चमध्ये नॉर्थ शोअर ट्रेलवर गेलो. डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंत १४६ मैलांचा हा ट्रेल, म्हणजे स्लेडसाठी राखलेली वाट आहे, सुपिरियर सरोवराच्या वरच्या अंगाने जाणारा. त्या दिवशी ट्रेल दगडासारखा कडक झाला होता. दर काही मैलांनी तापमानाचा लाल दिवा लागायचा. मग कडेच्या भुसभुशीत बर्फात स्लेड घालायची, इंजिन निवायची वाट बघायची आणि पुन्हा निघायचं. प्रत्येक वळणावर स्लेड बाहेरच्या बाजूला कलायची. संध्याकाळी खांदे भरून आले होते. यंत्रात काही बिघाड नव्हता, ते चुकीच्या जागी आणलं गेलं होतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

पायरी १: हिवाळ्यातले दहा दिवस डोळ्यांसमोर आणा

एक कागद घ्या आणि येत्या हिवाळ्यात जे दहा दिवस तुम्ही खरोखर स्लेडवर असाल ते लिहून काढा. यूट्यूबवर पाहिलेले वायोमिंगचे डोंगर लिहू नका. मिनियापोलिसहून शनिवारी पहाटे ट्रेलर जोडून तुम्ही जिथे पोचू शकता, तेच लिहा. मिनेसोटात सुमारे २२,००० मैलांचे ट्रेल आहेत आणि त्यातले बहुतेक स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक राखतात. रात्री ग्रूमर फिरवून ते बर्फ दाबून सपाट करतात. विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलातही अशीच जाळी आहेत. कॅनडात टोरोंटोकडच्या मंडळींना ओंटारियोचे ट्रेल जवळ पडतात.

दहापैकी आठ दिवस अशा राखलेल्या ट्रेलवर जाणार असतील तर तुम्हाला ट्रेल स्लेड हवी, आणि इथला प्रश्न जवळजवळ सुटला. गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला जायचं असेल, बायको किंवा नवरा मागे बसणार असेल, ट्रेल सोडून जंगलातल्या मऊ बर्फात शिरायची ओढ असेल, तर तेही लिहा. पण किती दिवस, ते प्रामाणिकपणे लिहा.

पायरी २: ट्रॅकचे तीन आकडे वाचायला शिका

स्लेडचा स्वभाव इंजिनापेक्षा ट्रॅक जास्त सांगतो. ट्रॅक म्हणजे खालचा रबरी पट्टा. त्याचे तीन आकडे असतात: लांबी, रुंदी आणि रबराच्या दातांची उंची. या दातांना इथे लग म्हणतात. जाहिरातीत १३७ × १५ × १.२५ असं काही दिसलं तर ते हेच, इंचात.

लांबीचा आकडा पूर्ण पट्ट्याच्या घेराचा असतो. जमिनीला टेकतो तो त्याचा निम्म्याहून कमी भाग. ट्रॅक लांब असला की वजन जास्त जागेवर पसरतं आणि स्लेड मऊ बर्फात खाली जात नाही. पावसाळ्यात चिखलाच्या शेतात फळी टाकून तिच्यावरून चालतात, तेच तत्त्व. १२० ते १२९ इंचांची स्लेड चपळ असते, वळणं पटकन घेते. पण दुपारपर्यंत शंभर स्लेड जाऊन ट्रेलवर जे लहान लहान उंचवटे तयार होतात, त्यात ती प्रत्येक खड्ड्यात उतरते आणि तुमची कंबर तिच्याबरोबर उतरते. १३७ इंची ट्रॅक दोन उंचवट्यांवर पुलासारखा टेकतो आणि प्रवास बराच सुसह्य होतो. म्हणून पाठीचं दुखणं असलेल्या चाळिशीपुढच्या माणसाला मी १३७ च सुचवतो, कितीही चपळतेची हौस असली तरी. १४६ म्हणजे ट्रेल आणि मऊ बर्फ यांच्यामधली जागा. १५४ पासून १६५ आणि त्यापुढचे ट्रॅक डोंगरासाठी.

लगची उंची तितकीच महत्त्वाची. ट्रेलवर एक ते दीड इंच पुरे. डोंगराच्या स्लेडला अडीच ते तीन इंच असतात, कारण कमरेइतक्या भुसभुशीत बर्फात त्यांना वल्ह्यासारखं काम करावं लागतं. हेच उंच दात कडक ट्रेलवर वाकतात, तापतात आणि वळणावर स्लेड स्थिर राहू देत नाहीत.

आता माझ्या त्या लाल दिव्याचं कारण. आजच्या बहुतेक ताकदवान स्लेडच्या इंजिनाला पाण्याने थंड करतात, पण मोटारीसारखा पुढे रेडिएटर नसतो. गरम पाणी ट्रॅकच्या वरच्या धातूच्या आवरणातल्या, म्हणजे बोगद्यातल्या, पन्हाळीवजा नळ्यांमधून फिरतं आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ त्या नळ्यांवर बसून त्यांना निववतो. ट्रेल कडक आणि गुळगुळीत असला की बर्फ उडत नाही, मग नळ्या तापतात. ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो, त्यांनाही हाच बर्फ वंगणाचं काम करतो. त्या पट्ट्यांना हायफॅक्स म्हणतात. बर्फाविना त्या वितळायला लागतात. यावर उपाय आहे: मागे ओढत जाणारे, ट्रेल खरवडून बर्फ उडवणारे लवचीक दांडे, ज्यांना स्क्रॅचर म्हणतात. स्वस्त असतात, कुठल्याही स्लेडला बसतात आणि ट्रेलवर जाणाऱ्या प्रत्येकाने बसवून घ्यावेत. माझ्या पहिल्या स्लेडवर ते नव्हते आणि ते हवेत हे मला ठाऊकही नव्हतं.

पायरी ३: प्रकार ओळखा

ट्रेल स्लेडच्या पुढच्या दोन स्कींमधलं अंतर साधारण ४२-४३ इंच असतं. पाय फाकून उभा राहिलेला पैलवान जसा सहज ढकलला जात नाही, तशी ही वळणावर जमीन सोडत नाही. पोलॅरिसची इंडी, स्की-डूची एमएक्सझी, आर्क्टिक कॅटची झेडआर ही या प्रकारातली नावं. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ती तुमच्या चुका सांभाळून घेते.

डोंगराची स्लेड याच्या बरोबर उलटी. तिच्या स्की जवळजवळ असतात, कारण उतारावर आडवं जाताना चालकाला ती मुद्दाम एका कडेवर कलती ठेवावी लागते. बसून चालवायची ती नव्हेच. उभं राहायचं, एक पाय दुसऱ्या बाजूच्या पायरीवर टाकायचा, अंगाचं सगळं वजन वापरायचं. स्की-डूची समिट, पोलॅरिसची आरएमके ही त्यातली ओळखीची नावं. माँटानातलं कुक सिटी किंवा ब्रिटिश कोलंबियातलं रेव्हलस्टोक इथे तिचं खरं घर. तिथे जायचं तर स्लेडच्या आधी हिमस्खलनाचं प्रशिक्षण घ्या. बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं अंगावर हवं आणि बरोबरच्या प्रत्येकाकडेही हवं. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला काही मिनिटांत बाहेर काढावं लागतं, आणि ते काम बरोबरच्या माणसांनाच करावं लागतं. मदत येईपर्यंत तेवढा वेळ नसतो.

क्रॉसओव्हर म्हणजे या दोन्हींचा मेळ: १३७ ते १५४ इंची ट्रॅक, लग दीड ते सव्वादोन इंच. पोलॅरिसची स्विचबॅक आणि स्की-डूची बॅककंट्री ही नावं इथे ऐकू येतील. दुकानदार हमखास हिचं नाव घेतो, "दोन्हीकडे चालेल" म्हणून. चालते, हे खरं. अप्पर पेनिन्सुलात, विशेषतः कीवेनॉ भागात, सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे इतका बर्फ पडतो की ट्रेलच्या कडेला पाऊल टाकलं तर मांडीपर्यंत जातं. तिथे १४६ ची क्रॉसओव्हर मनापासून आवडते. पण दक्षिण मिनेसोटात, जिथे शेतांच्या कडेने जाणाऱ्या ट्रेलवर कधी कधी जेमतेम सहा इंच बर्फ असतो, तिथे तिचे उंच दात नुसते झिजतात. कागदावर मऊ बर्फाचे तीन-चार दिवस तरी असतील तरच हिच्याकडे वळा.

टूरिंग स्लेडला मागच्या माणसासाठी खरीखुरी सीट असते, पाठ टेकायला जागा, धरायला गरम मुठी. एकट्याच्या सीटवर दोघांनी बसू नये. तोल जातो, मागचा माणूस उडतो. जोडप्यांना माझं सांगणं असतं की वर्षातून दोनदाच दोघं जाणार असाल तर त्या दोन दिवसांपुरती टूरिंग भाड्याने घ्या.

युटिलिटी स्लेड हा कामाचा घोडा. ट्रॅक २० किंवा २४ इंच रुंद, मागे हुक, सामानाला फळी, ओझं ओढायला कमी वेगाचा गिअर. लेक ऑफ द वुड्स या सरोवरावर बर्फातल्या मासेमारीचं सामान ओढणारी मंडळी हीच वापरतात. स्की-डूची स्कँडिक, पोलॅरिसची टायटन ही तिची नावं. आज ही बाजूला पडल्यासारखी वाटते, पण बर्फावरची यंत्रं जन्मली ती अशाच गरजेतून. क्वेबेकमधल्या वालकूरचे जोझेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांचा लहानगा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, त्याला दवाखान्यात नेता आलं नाही आणि तो गेला. १९३७ मध्ये त्यांनी सात जणांना नेणारी बर्फगाडी बाजारात आणली, आणि पुढे १९५९ मध्ये एका-दोघांची हलकी स्की-डू. इकडे मिनेसोटाच्या उत्तर टोकाला रोझो गावात पोलॅरिसच्या मंडळींनी १९५६ मध्ये आपली पहिली स्लेड बनवली. संस्थापकांपैकी एडगर हेटीन पुढे बाहेर पडले आणि थीफ रिव्हर फॉल्समध्ये त्यांनी जी कंपनी काढली तीच नंतरची आर्क्टिक कॅट. ही दोन गावं एकमेकांपासून मोटारीने सव्वा-दीड तासावर आहेत. तिथल्या लोकांशी स्लेडबद्दल बोललात तर निष्ठा कुठली, हे पहिल्या वाक्यात कळतं.

मुलांसाठी १२० आणि २०० सीसीच्या छोट्या स्लेड मिळतात. मोठ्यांच्या स्लेडचा वेग कमी करून मुलाला देऊ नका. तिचं वजन त्याला आवरणार नाही.

पायरी ४: आता इंजिन

आता सहाशे की साडेआठशे. सहाशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन साधारण १२० ते १२५ अश्वशक्ती देतं, साडेआठशेचं १६५ च्या आसपास. मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर आणि तळ्यांवर वेगमर्यादा ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर आहे. ती गाठायला सहाशे पुरून उरतं. स्की-डूकडे सहाशेचंच ८५ अश्वशक्तीच्या आसपासचं सौम्य इंजिनही आहे आणि पहिल्या दोन हिवाळ्यांसाठी ते मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. स्लेडला वेग अंगठ्याने द्यायचा असतो, आणि तो जरा जास्त दाबला गेला तर झाडापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

टू-स्ट्रोक हलकं आणि चटपटीत असतं. तेल वेगळ्या टाकीतून आपोआप मिसळलं जातं, ते भरत राहावं लागतं आणि धुराचा वास येतो. फोर-स्ट्रोक शांत, कमी पेट्रोल पिणारं, जास्त मैल टिकणारं, पण जड. टू-स्ट्रोक ट्रेल स्लेड ४५० पौंडांच्या आसपास भरते, फोर-स्ट्रोक टूरिंग ६०० च्या आसपास. रुतलेली स्लेड हातांनी उचलून काढायची वेळ आली की हे दीडशे पौंड चांगलेच जाणवतात. लांब पल्ल्याने, ट्रेलवरूनच जाणाऱ्याला फोर-स्ट्रोक उत्तम. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आवाज आणि धुराच्या नियमांमुळे फोर-स्ट्रोकच दिसतात.

उंचीचं एक गणित डोंगरात जाणाऱ्यांसाठी. दर हजार फुटांमागे इंजिन साधारण तीन टक्के ताकद गमावतं. नऊ हजार फुटांवर पाव ताकद गेलेली असते. टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राची, मागणी तिथून येते. सुपिरियरच्या काठी राहणाऱ्याने टर्बोचे पैसे पेट्रोलवर आणि चांगल्या हेल्मेटवर घालावेत.

पायरी ५: अंगाला बसवून बघा

शोरूममध्ये जाताना जाड कपडे आणि बर्फाचे बूट घालून जा. बसा, मग उभे राहा. हँडल उभं राहिल्यावर मांडीला लागतं का? ब्रेक मुठीत नीट येतो का? माझ्यासारख्या साडेपाच फुटांच्या माणसाला काही स्लेडचं हँडल फार लांब पडतं. ते पुढेमागे करून मिळतं, पण विचारावं लागतं. सस्पेन्शन तुमच्या वजनाला लावून द्या, असंही घेतानाच सांगा. कारखान्यातून ते एका ठरावीक वजनाला लावून येतं. ६० किलोच्या माणसाला ते टणक लागतं आणि ११० किलोच्याला तळाला आपटतं.

पायरी ६: घेण्याआधी भाड्याने चालवा

दोन वेगळ्या शनिवारी दोन वेगळ्या प्रकारच्या स्लेड घ्या आणि दिवसभर चालवा. सकाळी दहाला सगळ्याच छान वाटतात. खरं मत दुपारी तीननंतर बनतं, जेव्हा ट्रेल उखडलेला असतो आणि हात थकलेले असतात. भाड्याचे पैसे वाया गेले असं वाटू देऊ नका, चुकीची स्लेड विकताना याच्या कितीतरी पट बुडतात.

पायरी ७: नवी की जुनी

नवी घ्यायची तर मार्च-एप्रिलमध्ये आगाऊ नोंदणीच्या सवलती असतात. हवा तो ट्रॅक आणि रंग निवडता येतो आणि स्लेड पुढच्या हिवाळ्याआधी हातात पडते. यामाहाने २०२५ च्या मॉडेलनंतर उत्तर अमेरिकेत स्लेड विकणं थांबवलं आणि आर्क्टिक कॅटचे मालक २०२५ मध्ये बदलले. या दोन्हींची जुनी स्लेड वाईट नाही, पण घेण्याआधी जवळपास सुटे भाग देणारा आणि दुरुस्ती करणारा आहे याची खात्री करा.

पहिली स्लेड जुनी घ्यावी, असं मला वाटतं. वर्षभरात तुमची आवड कळते आणि मग बदलायला सोपं जातं. बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला सांगा की इंजिन आधी सुरू करू नका. गेल्यावर हुडखाली हात लावून थंड आहे ना बघा. थंडीत पहिल्यांदा कशी सुरू होते, त्यावरून पुष्कळ कळतं. सिलिंडरचं कम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायला सांगा, सगळ्यांचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. ट्रॅक हाताने फिरवून फाटलेले लग मोजा. स्की धरून हलवा, खटखट आवाज आला तर सांधे झिजलेत. मागून एक डोळा मिटून बोगदा सरळ आहे का पाहा, वाकलेला असेल तर ती कुठेतरी जोरात आपटली आहे. बोगद्यावरचा क्रमांक कागदांशी जुळवा. आणि जुन्या स्लेडबरोबर नवा ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा पट्टा, लगेच विकत घ्या. तो जंगलातच तुटतो. सुटा बेल्ट नेहमी स्लेडमध्ये असू द्या आणि एकदा घरच्या गॅरेजात, उजेडात, तो बदलून बघा.

पायरी ८: पहिल्या फेरीआधी

३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या मिनेसोटातल्या प्रत्येक रहिवाशाला इथे स्लेड चालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. प्रौढांना ते घरबसल्या ऑनलाइन करता येतं. दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथला ट्रेल परवाना वेगळा, तो आधी बघून ठेवा. स्कींच्या खाली कार्बाइडच्या (अतिशय कठीण धातूच्या) पट्ट्या असतात, त्या बोथट असतील तर कडक ट्रेलवर हँडल वळतं पण स्लेड वळत नाही, म्हणून त्या पहिल्याच दिवशी तपासा. अंगाला लागून सुती कपडा नको, घाम धरतो आणि थांबलात की गार पडतो. पडलात तर इंजिन बंद करणारी दोरी जॅकेटला अडकवल्याशिवाय निघू नका.

आणि तळं ओलांडायचं असेल तर काठावर थांबून बर्फ मोजा. नव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फाची जाडी स्लेडसाठी किमान पाच ते सात इंच लागते. पांढरट बर्फ निम्म्याच ताकदीचा असतो, त्याची जाडी दुप्पट हवी. ओढा जिथे तळ्याला मिळतो आणि पुलाखालून पाणी जिथे वाहतं, तिथे बाकी तळं कितीही जाड गोठलेलं असलं तरी बर्फ पातळ राहतो. पहिल्यांदा जाताना गावातल्या आमिषाच्या दुकानात विचारा. मासेमारीचं आमिष विकणाऱ्या त्या माणसाला आज सकाळी कोण कुठून पलीकडे गेलं हे माहीत असतं, आणि तो आनंदाने सांगतो.